टाइल कुणाची? ‘सिव्हिलायझेशन’मधला पाउंडमेकर आणि आपली मोजणी

गेम्समधल्या अल्पसंख्याकांच्या चित्रणावर काम करायचंय म्हणून जे सिनॉप्सिस माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत एक तक्ता बहुधा ठरलेला असतो. डावीकडे गेमची नावं, वर रकाने: स्त्री पात्रं किती, कृष्णवर्णीय किती, आशियाई किती, मूलनिवासी किती. मग टक्केवारी, मग काय-स्क्वेअर टेस्ट. मी एमएस्सीला स्टॅटिस्टिक्स केलेली मुलगी, त्यामुळे तक्ता दिसला की मला बरंच वाटतं. मोजणीला मी नावं ठेवणार नाही. पण या तक्त्यात मावत नाही अशी एक गोष्ट आहे, आणि ती नेमकी डावपेचांच्या गेममध्ये सापडते. आज तिच्याबद्दल.

आधी मोजणीची बाजू. २००९ मध्ये ‘न्यू मीडिया अँड सोसायटी’ या जर्नलमध्ये दमित्री विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेममधल्या पात्रांची चक्क जनगणना छापली. १५० गेम्स घेतले आणि प्रत्येकाला त्याच्या खपानुसार वजन दिलं. म्हणजे जो गेम जास्त घरांत पोचला, त्यातलं पात्र जास्त मोजलं गेलं. निष्कर्ष असा की पुरुष, गोरे आणि प्रौढ हे अमेरिकेच्या खऱ्या लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसतात. स्त्रिया, हिस्पॅनिक, मूलनिवासी अमेरिकन, लहान मुलं आणि म्हातारी माणसं कमी. खपाचं वजन देण्याची कल्पना साधी आहे, पण ती सुचायला लागते. मेथडॉलॉजीचं प्रकरण लिहायला बसाल तेव्हा हा पेपर शेजारी ठेवा.

अडचण इथून पुढे आहे. अशी जनगणना करायची तर ‘पात्र’ हे एकक लागतं. धावणारा, उडी मारणारा, बोलणारा माणूस पडद्यावर असला की मोजता येतो. डावपेचांच्या गेममध्ये तुम्ही कुणी एक माणूस नसताच. तुम्ही एक अख्खं राष्ट्र असता, किंवा खरं सांगायचं तर राष्ट्राचा मुनीम. लाकूड किती, धान्य किती, कुठे रस्ता, कुठे किल्ला. इथे चेहरे असतात, पण ते बहुधा बोलणी करण्याच्या पडद्यापुरते. उरलेला वेळ तुम्ही आकडे पाहता.

या आकड्यांवर जीव टाकणारा चाहत्यांचा एक मोठा वर्ग आहे. कोणती वसाहत कोणत्या पाळीला, कोणता शोध आधी, कोणत्या राष्ट्राला कितव्या क्रमांकावर ठेवायचं, यावर ही मंडळी तासन्‌तास वाद घालतात, एक्सेलच्या शीट बनवतात, गेमच्या फाइली उघडून कोणता आकडा कुठून येतो ते शोधतात. टी. एल. टेलर यांनी २००६ च्या ‘प्ले बिट्वीन वर्ल्ड्स’मध्ये ‘पॉवर गेमर’ खेळाडूंचं वर्णन केलंय. बाहेरून नोकरीसारखं दिसणारं हे हिशेबी काम त्यांच्यासाठी हीच खरी मजा असते. दुसरा वर्ग विचारतो: या गेममध्ये माझ्यासारखं कुणी आहे का, असलं तर कसं दाखवलंय? या दोघांचं फारसं पटत नाही. २०१४ मध्ये ‘गेमरगेट’च्या नावाखाली ज्या धमक्या आणि छळ झाला, त्यानंतर तर हे न पटणं विषारी झालं. गेममधल्या स्त्रियांच्या चित्रणावर व्हिडिओ करणाऱ्या अनिता सार्कीझियन यांना त्या ऑक्टोबरमध्ये युटा राज्य विद्यापीठातलं भाषण धमकीमुळे रद्द करावं लागलं. तेव्हापासून एका बाजूचं पालुपद ‘गेममध्ये राजकारण आणू नका’, दुसऱ्या बाजूचं ‘चित्रण महत्त्वाचं आहे’.

मला गंमत याची वाटते की दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर आतून एकमत आहे. चित्रण म्हणजे वरचं कातडं. नाव, पोशाख, त्वचेचा रंग, भाषा. पहिले म्हणतात, कातडंच ना, मग खेळावर काय फरक पडतो? दुसरे म्हणतात, कातडं असलं तरी फरक पडतो. कातड्याखाली जे नियम आहेत, तेसुद्धा काहीतरी दाखवत असतात, हे दोघांच्याही बोलण्यात क्वचित येतं. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये यासाठी ‘प्रोसिजरल रेटरिक’ असा शब्द रूढ केला. साध्या मराठीत सांगायचं तर नियमांनी मांडलेला युक्तिवाद. गेम काय म्हणतो ते त्याच्या संवादांत शोधू नका. काय केल्यावर गुण मिळतात आणि काय करताच येत नाही, ते बघा.

आता उदाहरण. ‘सिव्हिलायझेशन ६’ हा फिरॅक्सिस कंपनीचा गेम ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. न खेळलेल्यांसाठी: जग षटकोनी टाइल्सचं, बुद्धिबळासारखं पाळीपाळीने खेळायचं, एका राष्ट्राला अश्मयुगापासून अवकाशयुगापर्यंत न्यायचं. या गेम-प्रकाराला इंग्रजीत ‘फोर-एक्स’ म्हणतात. त्या चार क्रिया मराठीत मांडायच्या तर शोधा, पसरा, उपसा, संपवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘राइज अँड फॉल’ ही पुरवणी आली आणि तिच्यात कॅनडातलं क्री राष्ट्र आलं. नेता पाउंडमेकर.

हा माणूस कोण होता? क्री लोकांचा एकोणिसाव्या शतकातला पुढारी. १८७६ मध्ये कॅनडा सरकारशी ‘ट्रीटी सिक्स’ची बोलणी चालली होती, तेव्हा जमिनीच्या वाटणीला हरकत घेणाऱ्यांत तो होता. १८८५ च्या उठावात कट नाइफ इथे कर्नल ऑटरच्या फौजेने त्याच्या तळावर हल्ला केला, फौजेला माघार घ्यावी लागली, आणि पळणाऱ्या सैनिकांचा पाठलाग करायला निघालेल्या आपल्या लढवय्यांना पाउंडमेकरने थांबवलं. पुढे तो शरण आला. त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तीन वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगात तब्येत ढासळल्यामुळे लवकर सोडलं, आणि १८८६ मध्ये तो गेला. २३ मे २०१९ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी सस्कॅचवानमधल्या पाउंडमेकर क्री नेशनमध्ये जाऊन त्याला दोषमुक्त जाहीर केलं. तारीख लक्षात ठेवा. गेममध्ये तो आला तेव्हा सरकारदरबारी तो अजून गुन्हेगारच होता.

तक्ता भरणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तम चित्रण आहे. मूलनिवासी नेता, तोही खेळाडूला निवडता येणारा. बोलतो क्री भाषेत. त्याचा स्वभाव गेममध्ये युतीप्रिय ठेवलाय. मित्रराष्ट्रं जोडणारे त्याला आवडतात. म्हणजे बनवणाऱ्यांनी इतिहास वाचलाय, आणि आदराने वाचलाय. मी हे उपहासाने म्हणत नाही. पूर्वीच्या गेम्समध्ये ‘रेड इंडियन’ ज्या तऱ्हेने यायचे, त्या मानाने ही फार मोठी मजल आहे.

तरीही जानेवारी २०१८ मध्ये, पुरवणी यायच्या आधीच, पाउंडमेकर क्री नेशनचे एक पुढारी मिल्टन टुटूसिस यांनी कॅनडाच्या सीबीसीकडे हरकत नोंदवली. आम्हाला कुणी विचारलं नाही, हा एक भाग. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त खोल वाटतो: दुसऱ्यांना जिंकायचं आणि त्यांची जमीन मिळवायची, ही वसाहतवाद्यांची मूल्यं आमचीही होती, असा समज हा गेम पुढे चालवतो. बघा, त्यांनी पोशाखाबद्दल किंवा चेहऱ्याबद्दल तक्रार केलेली नाही. त्यांची हरकत थेट गेमच्या व्याकरणावर आहे.

हरकत बरोबर आहे का? संशोधक म्हणून आपण इथे मान डोलावून पुढे जाऊ शकत नाही, तपासायला हवं. आणि तपासायला लागणारी माहिती आहे ती त्या हिशेबी चाहत्यांकडे.

क्री राष्ट्राची खास क्षमता त्यांना तोंडपाठ असते. मातीची भांडी बनवण्याचा शोध लागला की एक व्यापारी मार्ग आणि एक व्यापारी फुकट. एवढंच नाही. हा व्यापारी तुमच्या शहरापासून तीन टाइल्सच्या आतल्या ज्या ज्या ‘कुणाच्याच नसलेल्या’ टाइलवर पहिल्यांदा पाऊल ठेवतो, ती टाइल तुमची होते. इतर राष्ट्रांना टाइल मिळवायला एक तर संस्कृतीचे गुण साठण्याची वाट पाहावी लागते, नाही तर सोनं मोजावं लागतं. एका शहराभोवती तीन टाइल्सच्या त्रिज्येत ६ अधिक १२ अधिक १८, म्हणजे ३६ टाइल्स असतात, आणि शहराला राबवता येतात त्याही एवढ्याच. म्हणजे मार्ग हुशारीने आखला तर क्री खेळाडू आपल्या शहरांचं शिवार इतरांच्या आधी आणि फुकटात भरतो. म्हणूनच नवख्या खेळाडूला ‘क्री घे, सोपं जाईल’ असं सांगतात.

आता हा नियम चाहत्याच्या नव्हे, टुटूसिस यांच्या नजरेने वाचा. ज्या माणसाने जमीन तोडून देण्याला हरकत घेतली, त्याच्या राष्ट्राची खासियत म्हणजे जमीन आपोआप ताब्यात घेणं! बनवणाऱ्यांचा हेतू मी समजू शकते. त्यांना दाखवायचं होतं की हे लोक तलवारीने नव्हे, व्यापाराने पसरले. पण ‘पसरणं’ हेच मुळात गृहीत धरल्यावर कशाने पसरले एवढाच तपशील उरतो. आणि सगळ्यात बोलका शब्द त्या नियमातच आहे: कुणाच्याच नसलेल्या. गेमच्या डेटामध्ये प्रत्येक टाइलला मालकाचा एक रकाना असतो. त्यात एक तर एका राष्ट्राचं नाव, नाही तर रिकामं. एकाच जमिनीवर दोघांचा वावर, एकाची शिकार आणि दुसऱ्याची वाट, ऋतूप्रमाणे येणं-जाणं, असं काही त्या रकान्यात लिहिताच येत नाही. १८६९–७० मध्ये हडसन्स बे कंपनीने रुपर्ट्स लँड नावाचा प्रचंड मुलूख कॅनडाला दिला, तो तिथे राहणाऱ्यांना न विचारता. त्या व्यवहाराच्या कागदावरही मालकाचा रकाना एकच होता.

तसंच आणखी एक. याच गेममध्ये नकाशावर छोटी ‘आदिवासी गावं’ विखुरलेली असतात. तुमची तुकडी त्यात शिरली की गाव तुम्हाला काहीतरी बक्षीस देतं, थोडं सोनं, एखाद्या शोधाला चालना, आणि नाहीसं होतं. कायमचं. तक्त्यात या गावाला ओळ नाही, कारण त्यात पात्र नाही, चेहरा नाही. पण पहिल्या तीस-चाळीस पाळ्यांत जगभरचे खेळाडू जे करतात, ते हेच. पाउंडमेकरचा सुंदर चेहरा आणि ही विरघळणारी गावं एकाच डिस्कवर आहेत. मोजणीत पहिला येतो, दुसरी येत नाहीत.

आपल्याला हे फार लांबचं वाटू नये म्हणून एक जवळचं उदाहरण. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) मध्ये मराठा संघ खेळायला मिळतो. आपल्याकडच्या किती जणांनी केवळ त्यासाठी तो गेम घेतला असेल! झेंडा आपला, नकाशावर नावं आपली. पण त्या नकाशात एका प्रांताचा मालक एकच. आता चौथाई आठवा. मुलूख नावाला मोगलांचा, महसुलाचा चौथा हिस्सा मराठ्यांचा, वर सरदेशमुखी, खाली वतनदार. अठराव्या शतकातलं मराठ्यांचं राज्य या एकावर एक चढवलेल्या हक्कांवर उभं होतं. हे त्या नकाशात मांडायला जागाच नाही, त्यामुळे मराठे तिथे इंग्लंडसारखाच कर गोळा करतात. हा आपला अपमान वगैरे मुळीच नाही, उगीच भावना दुखावून घेऊ नका. मुद्दा एवढाच की नकाशाचं व्याकरण युरोपातल्या सार्वभौम राज्याचं आहे आणि त्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला तेच बोलावं लागतं. साम्राज्य, नकाशे आणि गेम यांच्या नात्यावर सौविक मुखर्जी यांचं ‘व्हिडिओगेम्स अँड पोस्टकलोनियलिझम’ (२०१७) जरूर वाचा; भारतात बसून या विषयावर काम होऊ शकतं का, असं विचारणाऱ्या गाईडच्या हातात ठेवायलाही ते उपयोगी पडतं.

मग नियम बदलता येतात का? इथे ‘एज ऑफ एम्पायर्स ३’कडे यायला हवं, कारण तिथे तसा प्रयत्न झालाय. मूळ गेम २००५ चा. २००६ च्या ‘वॉरचीफ्स’ पुरवणीत इरोक्वॉय, सू आणि अझ्टेक आले. या तिघांना एक खास वास्तू होती, अग्निकुंड म्हणू या. त्याभोवती पंचवीसपर्यंत गावकरी नाचायला लावायचे, आणि नाचाच्या प्रकारानुसार फायदा: एका नाचाने सैन्य जास्त जोमाने लढतं, दुसऱ्याने तुकड्या लवकर तयार होतात. हॉलिवूडच्या काउबॉयपटातून उचललेली कल्पना, पण डावपेचाच्या दृष्टीने फार महत्त्वाची. किती गावकरी शेतातून काढून नाचायला पाठवायचे, हा त्या राष्ट्रांच्या खेळातला मुख्य हिशेबच होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये नवी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली, मूलनिवासी सल्लागारांशी बोलून. इरोक्वॉयचे हौडेनोसौनी झाले, सूचे लकोटा झाले. बाहेरच्यांनी ठेवलेली नावं काढून लोक स्वतःला जे म्हणतात ती नावं. अग्निकुंडाच्या जागी सामुदायिक चौक आला. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा बदल: या दोन राष्ट्रांचे गावकरी आता खाणीत कुदळ मारत नाहीत. पूर्वी इतर सगळ्यांसारखंच तेही सोनं खणायचे. आता त्यांच्यासाठी बाजाराची वेगळी वास्तू आहे आणि नाणं तिथून येतं.

पाउंडमेकरच्या मानाने हा बदल मला उजवा वाटतो, कारण तो नियमाला हात घालतो. लकोटांच्या इतिहासात ब्लॅक हिल्समधल्या सोन्याने काय केलं हे ज्याला माहीत आहे, त्याला लकोटा गावकऱ्याच्या हातातली कुदळ किती विचित्र होती हे सांगावं लागणार नाही. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने तो प्रदेश त्यांचा मानला, १८७४ मध्ये कस्टरच्या मोहिमेला तिथे सोनं सापडलं, आणि १८७७ मध्ये काँग्रेसने कायदा करून तो काढून घेतला. गेमने कुदळ काढली, ते बरं केलं.

पण याच आवृत्तीने आणखी दोन नावं बदलली, ती मला खटकतात. ‘कलोनियल एज’ होतं त्याचं ‘कॉमर्स एज’ झालं. ‘प्लांटेशन’ होतं त्याचं ‘इस्टेट’ झालं. वसाहतीचं युग आता व्यापाराचं युग, आणि मळा आता इस्टेट. अमेरिकेतल्या मळ्यांवर कोण राबत होतं? प्लांटेशन हा शब्द कानाला टोचतो, कारण त्यामागची गुलामगिरी टोचते. शब्द काढला, टोचणी गेली, उत्पन्नाचा दर तसाच. एकाच आवृत्तीत एका ठिकाणी आदरापोटी नियम बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी सोयीसाठी शब्द. दोन्ही बदलांना ‘संवेदनशील’ असं एकच विशेषण लावून सोडून देणं हे आळशी समीक्षेचं लक्षण आहे. ‘नाव बदललं म्हणून आभाळ कोसळलं’ म्हणून ओरडणाऱ्यांना तर यातला फरक दिसण्याची शक्यताच नाही.

नियम वाचायला निघालात की एक खड्डा मात्र वाटेत येतो, आणि त्यात भलेभले पडलेत. गांधी आणि अणुबॉम्बची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये (१९९१) गांधींच्या आक्रमकतेचा आकडा १ होता, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा व्हायचे, आठ बिटच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये ऋण आकडा मावत नाही म्हणून १ वजा २ बरोबर २५५, आणि गांधी जगावर बॉम्ब टाकत सुटायचे. काय सुंदर स्पष्टीकरण आहे! विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला आवडेल असं. सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की असा बग नव्हताच. गांधींचा बॉम्ब खरोखर गेममध्ये जाणूनबुजून आला तो २०१० च्या पाचव्या भागात. जॉन शेफर यांनी गंमत म्हणून अण्वस्त्र वापरण्याचा कल दाखवणारा त्यांचा आकडा १२ ठेवला. म्हणजे दंतकथेतला अपघात आणि खऱ्या फाइलमधली चेष्टा. चित्रणाच्या दृष्टीने या दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत: अपघाताला कर्ता नसतो, चेष्टेला असतो. म्हणून नियमाबद्दल काहीही लिहिण्याआधी फाइल उघडा, आणि आवृत्ती कोणती ते नोंदवा. पॅचगणिक आकडे बदलतात, आणि व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न तिथेच येतो.

‘पण खेळाडूंना याने काही फरक पडतो का?’ हा दुसरा प्रश्न. माझ्या वाट्याला तो ‘गेमवर पीएचडी? मग जेवता कधी?’ या विनोदाच्या लगेच नंतर आला होता. यावर एड्रियन शॉ यांचं ‘गेमिंग अॅट द एज’ (२०१४) फार प्रामाणिक पुस्तक आहे. त्यांनी अल्पसंख्य गटांतल्या खेळाडूंशी बोलून पाहिलं, तर अनेकांनी सांगितलं की माझ्यासारखं पात्र असेल तरच मी गेमशी जोडला जातो असं काही नाही. कार्यकर्त्यांची पंचाईत करणारं उत्तर. शॉ तिथे थांबत नाहीत. विविधतेचं समर्थन ‘त्या गटाला हवंय, ते विकत घेतील’ या बाजारी हिशेबावर उभं करणंच चूक, असं त्या म्हणतात. मला हे पटतं. टुटूसिस यांची हरकत त्या चौकटीत बसतच नव्हती; ते गिऱ्हाईक म्हणून बोलत नव्हते. त्यांच्या पूर्वजाचं नाव कशासाठी वापरलं जातंय, एवढंच त्यांनी विचारलं. क्री तरुणांपैकी कुणाला पाउंडमेकर खेळताना अभिमान वाटला असेल तर तोही खराच, आणि त्याने ती हरकत खोटी ठरत नाही.

ज्यांना या विषयात शिरायचंय त्यांना मी म्हणेन, तक्ता ठेवा, पण एकक बदलून पाहा. पात्राऐवजी नियम मोजा. एखाद्या गेममधल्या सगळ्या राष्ट्रांच्या खास क्षमता लिहून काढा आणि प्रत्येकीसमोर क्रियापद लिहा: घेतो, देतो, जिंकतो, पटवतो, थांबतो. कोणत्या राष्ट्राला कोणतं क्रियापद मिळालंय, आणि कोणतं क्रियापद कुणालाच मिळालेलं नाही? पाउंडमेकरचं कट नाइफमधलं सगळ्यात मोठं कृत्य म्हणजे जिंकत असताना थांबणं. त्याचे गुण ‘सिव्हिलायझेशन’ देत नाही. या कामासाठी फार भाषाशास्त्र लागत नाही. दोन जणांनी स्वतंत्रपणे कोडिंग करायचं, कप्पा काढायचा. आणि हिशेबी चाहत्यांशी मैत्री करायची. ते तुम्हाला ‘राजकारण आणू नका’ म्हणतील, पण फाइलमध्ये कोणता आकडा कुठे आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि विचारलं की आनंदाने सांगतात.

एक ओळ मात्र या नव्या तक्त्यातही अवघड जाते. ‘सिव्हिलायझेशन ५’च्या वेळी फिरॅक्सिसला पुएब्लो लोकांना घ्यायचं होतं, नेता पोपे, ज्याने १६८० मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. या वेळी कंपनीने आधी विचारलं. पुएब्लोंच्या पुढाऱ्यांनी नकार दिला. पोपेचं असं चित्रण त्यांना नको होतं. कंपनीने बेत सोडला आणि २०१३ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये त्यांच्याऐवजी शोशोनी आले. जनगणनेच्या तक्त्यात पुएब्लोंसमोर शून्य येतं, आणि ज्यांना कुणी कधी विचारलंच नाही त्यांच्यासमोरही शून्यच. सर्व्हेमध्ये उत्तर द्यायला नकार देणाऱ्याला आपण शून्य लिहीत नाही, ९९ असा वेगळा कोड देतो. माझ्या शीटमध्ये पोपेच्या ओळीत मी सध्या ९९ लिहिलाय. त्याचं पुढे काय करायचं, टक्केवारीत धरायचा की वगळायचा, यावर गाईडशी वाद चालू आहे. वगळला तर नकारच नाहीसा होतो, आणि धरायचा म्हटलं तर कशात धरायचा?